विश्रामबागवाडा : घराची कचेरी झाली त्याची हकिकत

विहाराच्या स्मरणिकेत पेशव्यांच्या वाड्यावर लेख कशाला, असा प्रश्न काही वाचक बंधू-भगिनी विचारतील. पेशवाईशी आपले नाते काय होते ते लहान मुलालाही ठाऊक आहे. पण पुण्याच्या सदाशिव पेठेतला विश्रामबागवाडा ही वास्तू आम्हांला वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची वाटते. एका कुटुंबाने स्वतःच्या ऐषआरामासाठी बांधलेले घर. त्याची पुढे पाठशाळा झाली, कॉलेज झाले, हायस्कूल झाले आणि शेवटी नगरपालिकेची कचेरी झाली. दरवाजा तोच, पण आत कोणाला जाता येते ते दर वीस-तीस वर्षांनी बदलत गेले. आपल्या आज्या-पणज्यांच्या हयातीत हा बदल कसा झाला हे नीट मांडलेले आमच्या वाचनात फारसे आलेले नाही. म्हणून हा प्रयत्न.

प्रथम घर बांधले कोणी ते पाहू. दुसरे बाजीराव पेशवे १७९६ साली गादीवर आले. शनिवारवाडा हा पेशव्यांचा मूळ वाडा, पण या बाजीरावांचे मन तिथे रमेना. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून त्याच वाड्यात झाला. १७९५ साली सवाई माधवराव तिथेच कारंज्यावर पडून गेले. असल्या घरात झोप कशी लागावी! १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशव्यांचा पराभव केला आणि बाजीराव पुणे सोडून पळाले. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला वसईला इंग्रजांशी तह करून त्यांनी गादी परत मिळवली आणि १८०३ मध्ये इंग्रजी फौजेच्या आधाराने ते पुण्यात आले. राज्याची सूत्रे परक्याच्या हातात गेली होती, आणि नेमक्या त्याच काळात पेशव्यांनी पुण्यात वाड्यांमागून वाडे बांधायला काढले. बुधवारवाडा, शुक्रवारवाडा, आणि हा विश्रामबाग. १८०७ साली पुरा झालेल्या या वाड्याला सुमारे दोन लाख रुपये लागले. दोन लाख! त्या काळच्या कुणब्याच्या शेतसाऱ्यातून हे दोन लाख उभे राहिले, हे विसरून चालणार नाही.

वाडा मात्र देखणा आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. दर्शनी भागाला सागवानी लाकडाचा सज्जा, त्याला सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, खांबांच्या मधे महिरपी, वर केळफुलाची नक्षी. आत चौक, चौकाभोवती ओवऱ्या, वरच्या मजल्यावर दिवाणखाने. सुताराने आणि गवंड्याने आपला जीव ओतलेला आहे. हे कारागीर कोण होते, कुठल्या जातीचे होते, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. मालकाचे नाव राहिले. घरांच्या बाबतीत नेहमी असेच होते.

आता दुसरी बाजू. याच पुण्यात, याच पेशव्यांच्या राजधानीत, अस्पृश्याने कमरेला झाडू बांधावा म्हणजे त्याच्या पावलांची धूळ मागच्या मागे पुसली जाईल, आणि गळ्यात मडके अडकवावे म्हणजे त्याची थुंकी जमिनीवर पडणार नाही, असा दंडक होता. परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ सालच्या ‘जातिभेद निर्मूलन’ या प्रसिद्ध भाषणात हे नमूद केले आहे. विश्रामबागेच्या दाराबाहेरची सडक ही त्याच शहराची सडक. आपला माणूस त्या देवडीच्या आत पाऊल टाकील ही कल्पनासुद्धा कोणाच्या मनात आली नसती. दाराबाहेरच्या सावलीचा जिथे विटाळ, तिथे चौकात कोण घेणार!

बाजीरावांना हा विश्राम दहा-अकरा वर्षेच लाभला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, तेव्हा पेशवे पर्वतीवरून ती पाहत होते असे सांगतात. १७ नोव्हेंबरला इंग्रजांनी पुणे घेतले. पुढे १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावच्या भीमेकाठी काय घडले ते आपल्या घराघरात माहीत आहे, त्याची उजळणी इथे करत नाही. जून १८१८ मध्ये बाजीराव माल्कमसाहेबाच्या स्वाधीन झाले. वर्षाला आठ लाखांचे पेन्शन घेऊन त्यांनी गंगाकाठी बिठूरला मुक्काम केला तो कायमचा. १८५१ साली ते तिथेच वारले. त्यांच्या पत्नी वाराणसीबाई काही काळ या वाड्यात होत्या, मग त्याही गेल्या. घर रिकामे झाले.

रिकाम्या घराचे काय करायचे? इंग्रज सरकारने ऑक्टोबर १८२१ मध्ये त्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली. तिचे नाव हिंदू कॉलेज. इथे जरा थांबून खर्चाचा हिशोब पाहायला हवा, कारण खरी मेख तिथेच आहे. पेशवे दरवर्षी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. त्यासाठी लांबलांबून हजारो ब्राह्मण पुण्यात जमत. राज्य बुडाले तरी एल्फिन्स्टनसाहेबाने हा प्रघात एकदम मोडला नाही. लोक बिथरतील अशी भीती होती. त्याच दक्षिणेच्या पैशातला काही भाग या पाठशाळेकडे वळवला गेला. तिथे न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, ज्योतिष असे विषय शिकवत. शिकणारे ब्राह्मण, शिकवणारे शास्त्री. म्हणजे पेशवा गेला, कंपनी सरकार आले, घराची शाळा झाली, आणि तरी देवडीवरचा अलिखित नियम जिथल्या तिथे राहिला. सारा भरणारा कुणबी, माळी, महार, मांग. शिकणारा मात्र एकाच वर्गाचा. राज्य बदलले की आपोआप सगळे बदलते असे मानणाऱ्यांनी या तीस वर्षांकडे पाहावे.

१८५१ साली ही पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज झाले. ते भरत असे याच वाड्यात. मेजर थॉमस कँडी हे त्याचे प्रमुख. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामातले हेच कँडी. मराठी पुस्तकांतले स्वल्पविराम-पूर्णविराम आज आपण सहज लिहितो, ते रुळवण्यातही त्यांचा वाटा मोठा.

याच सुमारास वाड्याच्या इतिहासात ती तारीख येते जिच्यामुळे आम्ही हा लेख लिहावयास घेतला. १६ नोव्हेंबर १८५२.

त्याआधी चार वर्षे, १८४८ साली, बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली होती. सावित्रीबाई शिकवायला उभ्या राहिल्या. त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकला गेला, हे आपल्या मुलीबाळींना पाठ आहे. सासऱ्यांनी, गोविंदरावांनी, १८४९ मध्ये दोघांना घराबाहेर काढले. गंजपेठेत उस्मान शेख यांच्या घरी आसरा मिळाला, आणि तिथे फातिमा शेख या सावित्रीबाईंच्या सोबतीला आल्या. शाळा बंद पडली, पुन्हा उघडली. ३ जुलै १८५१ ला चिपळूणकरांच्या वाड्यात, मग रास्ता पेठेत, मग १८५२ च्या मार्चात वेताळ पेठेत, अशा तीन मुलींच्या शाळा झाल्या. महार-मांगांच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा निघाल्या. हे सगळे करणारा माणूस तेव्हा पंचवीस वर्षांचा होता.

त्या पंचवीस वर्षांच्या तरुणाला सरकारने जाहीर समारंभात शाल दिली. कुठे? या विश्रामबागवाड्यात. कोणाच्या हस्ते? मेजर कँडी यांच्या. पेशव्याच्या दिवाणखान्यात, दक्षिणेच्या पैशावर चाललेल्या कॉलेजात, माळ्याच्या पोराच्या खांद्यावर शाल पडली. शालजोडीचा मान हा शास्त्री-पंडितांचा समजला जाई. त्या दिवशी सनातनी मंडळींच्या पोटात काय झाले असेल ते सांगायला नको! शालीची किंमत किती होती हा मुद्दा गौण आहे. ती कुठल्या छपराखाली दिली गेली, हा मुद्दा आहे.

एवढ्यावर थांबले नाही. १२ फेब्रुवारी १८५३ रोजी मुलींच्या तिन्ही शाळांची वार्षिक परीक्षा पूना कॉलेजच्या आवारात झाली. २३७ मुली परीक्षेला होत्या. पाहायला लोकांची एवढी दाटी झाली की आवार पुरेना. पुढे दक्षिणेच्या फंडातून या शाळांना दरमहा मदतही मिळू लागली. पेशव्यांनी फक्त ब्राह्मणांसाठी राखलेला पैसा, आणि त्यातून मुलींच्या पाट्या-पेन्सिली! याच शाळांच्या वर्तुळातून मुक्ता ही मांग समाजाची चौदा वर्षांची विद्यार्थिनी तयार झाली. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’त छापून आला. आपल्या लोकांचे दुःख आपल्याच लेकीने छापील अक्षरांत मांडण्याची ही अगदी आरंभीची गोष्ट, बाबासाहेबांच्या जन्माआधी छत्तीस वर्षांची.

मात्र भाबडेपणाने असे समजू नये की शाल मिळाली आणि दरवाजा सताड उघडला. १८६४ मध्ये पूना कॉलेजचे डेक्कन कॉलेज झाले आणि १८६८ साली ते येरवड्याच्या नव्या इमारतीत गेले. वाड्यात हायस्कूल राहिले. कागदावर सर्वांना मुभा होती, पण फी कोठून आणायची आणि खालची शाळाच नसेल तर वरच्या शाळेत जायचे कसे? ऑक्टोबर १८८२ मध्ये जोतीरावांनी हंटर कमिशनपुढे हेच मांडले. शेतकऱ्याकडून वसूल होणारा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे लक्ष नाही, तर बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करा. ज्या वाड्यात त्यांना शाल मिळाली त्याच वाड्यातल्या कारभारावर ही टीका लागू पडत होती. शाल घेतली म्हणून तोंड बंद ठेवावे, हा त्यांचा स्वभाव नव्हता.

मधे १८७९ साली मोठी आग लागली. बुधवारवाडा तर जळून खाकच झाला, आणि विश्रामबागेचाही बराच भाग गेला. शनिवारवाडा तर १८२८ च्या आगीतच संपला होता. लाकडी वाड्यांचे हेच भोग. लोकवर्गणी आणि सरकारी मदत यांतून विश्रामबाग दुरुस्त झाला, म्हणून आज पाहायला मिळतो.

यानंतर वाड्याचे ते रूप येते ज्याची आठवण जुन्या पुणेकरांना अजून आहे. १९३० ते १९५९ अशी जवळजवळ तीस वर्षे पुण्याच्या नगरपालिकेची, आणि १५ फेब्रुवारी १९५० नंतर महानगरपालिकेची, कचेरी विश्रामबागवाड्यात होती. दिवाणखान्यात टेबले आली, ओवऱ्यांत कपाटे आणि फायलींचे गठ्ठे आले, चौकात सायकली लागल्या. घरपट्टी, पाणीपट्टी, जन्ममृत्यूची नोंद, नळाचा अर्ज, गटाराची तक्रार, या सगळ्यांसाठी माणसे जिना चढू लागली. जिना पेशव्यांचाच, पण आता हातात अर्ज असला की तो कोणालाही मोकळा.

आम्हांला इथेच या घराच्या कचेरी होण्याचे मोल वाटते. तुलनेसाठी पर्वती घ्या. पर्वतीचे देवालयही पेशव्यांचेच. १९२९ च्या ऑक्टोबरात शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आदी मंडळींनी तिथे मंदिर-प्रवेशासाठी सत्याग्रह केला. सत्याग्रहींवर दगडफेक झाली, माणसे जखमी झाली, देवळाचे दार उघडले नाही. आणि त्याच्या दुसऱ्याच वर्षी त्याच पेशव्यांच्या दुसऱ्या वास्तूत नगरपालिका आली आणि महारवाड्यातला माणूस पाण्याच्या नळाचा अर्ज घेऊन आत गेला. एक वास्तू देवस्थान म्हणून राहिली, ती बंद. दुसरी कचेरी झाली, ती उघडी. कोणाच्या मनात दया आली म्हणून नव्हे. कर भरणाऱ्याला कचेरीतून हाकलून देता येत नाही, एवढेच. कारकुनाने कागद लांबून टाकला असेल, पाणी प्यायला वेगळा पेला दाखवला असेल. पण अर्जाला आवक नंबर द्यावाच लागे. पर्वतीवर आपल्या अर्जाला आवक नंबर नव्हता.

आणखी एक गोष्ट मनाला लागते ती लिहिल्यावाचून राहवत नाही. पेशवाईत कमरेला झाडू होता. नगरपालिका आली, तेव्हा आरोग्य खात्याच्या हजेरीपटावर सडका झाडायला आणि गटारे उपसायला कोण होते? पुन्हा आपलीच माणसे, आणि आपल्यासारखीच इतर गांजलेली. कमरेचा झाडू हातात आला. फरक एवढाच की आता त्याचा पगार होता, रजा होती, पुढे संघटना झाली, पेन्शन झाले, आणि त्या पगारावर मुले शाळेत गेली. आज आपल्या विहाराच्या वर्गणीदारांत शिक्षक आहेत, बँकेतले आहेत, नर्सताई आहेत. त्यांपैकी कितीतरी जणांच्या घरात मागे वळून पाहिले तर एक झाडू दिसेल. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. लाज ज्यांना वाटायला हवी ते वेगळे.

नगरपालिकेचा आणि जोतीरावांचा संबंधही जुना. ते स्वतः १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली व्हॉइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला, तेव्हा विरोधी मत देणारे ते एकटे होते. बाजारासाठी मोठी इमारत बांधण्याऐवजी तो पैसा शिक्षणाला लावावा असेही त्यांचे म्हणणे होते. तरी ती इमारत झाली आणि १८८६ मध्ये ‘रे मार्केट’ म्हणून सुरू झाली. १९२५ साली केशवराव जेधे यांनी जोतीरावांचा पुतळा उभारण्याची सूचना नगरपालिकेत आणली. गदारोळ झाला आणि ती सूचना फेटाळली गेली. त्या वादातूनच दिनकरराव जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक निघाले. त्यावर खटला झाला, शिक्षा झाल्या, आणि १९२६ साली अपिलात आरोपींचे वकीलपत्र घेऊन उभे राहिले ते बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. आरोपी निर्दोष सुटले. गुरूची आणि शिष्याची प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही. जोतीराव १८९० ला गेले आणि बाबासाहेब १८९१ ला जन्मले. पण पुण्याच्या कोर्टात शिष्य गुरूच्या नावासाठी उभा राहिला तो असा.

पुतळा नाकारणारी हीच नगरपालिका पुढे विश्रामबागेत आली. तिथे आचार्य अत्रे नगरसेवक असताना रे मार्केटचे नाव बदलून महात्मा फुले मंडई झाले. ज्या इमारतीच्या खर्चाला जोतीरावांनी हरकत घेतली तिलाच त्यांचे नाव लागले, याची मौज वाटते. जोतीराव असते तर म्हणाले असते, नाव राहू द्या, आधी शाळा किती काढल्या ते सांगा.

१९५९ नंतर महापालिकेचे मुख्य कार्यालय शिवाजीनगरला नव्या इमारतीत गेले. वाड्यात टपाल कचेरी आणि काही इतर कार्यालये राहिली. बरीच वर्षे वाड्याची अवस्था वाईटच होती. लाकूड कुजले, कौले फुटली. २००४ च्या सुमारास महापालिकेने दुरुस्ती हाती घेतली आणि ‘पुनवडी ते पुण्यनगरी’ नावाचे शहराच्या इतिहासाचे प्रदर्शन आत मांडले.

मुलांना घेऊन एखाद्या रविवारी जाण्यासारखी ही जागा आहे. बाजीराव रस्त्याने लक्ष्मी रस्त्याकडे निघालात की सुरूच्या खांबांचा सज्जा दिसतो, चुकणे शक्यच नाही. तिथून मंडई पाच मिनिटांवर. मंडईवरून गंजपेठेत जोतीरावांचा राहता वाडा, आजची महात्मा फुले पेठ. त्याचे स्मारक झाले आहे, आणि त्यांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांना खुला केलेला पाण्याचा हौद त्याच घराचा. वाटेत बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीसमोर भिडेवाड्याची जागा लागते. पेशव्यांचे घर टिकले, सावित्रीबाईंच्या शाळेचे घर मात्र टिकले नाही. तिथे खाली दुकाने होती, वर पडझड, आणि वर्षानुवर्षे कोर्टकज्जे. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत तो जुना वाडा पाडण्यात आला. राष्ट्रीय स्मारक त्याच जागेवर करायचे ठरले आहे. मुलांनी विचारले की मुलींची पहिली शाळा कुठली, तर त्या जागेकडे बोट दाखवावे, आणि तिथे दारे-खिडक्या कशा होत्या ते जुन्या फोटोवरून सांगावे.